कॅमेऱ्याने मान वळवली

फेब्रुवारीतला मंगळवार. दुपारचे अडीच वाजले असतील. मी फोर्टला ऑफिसात रिटर्नच्या कामात बुडालेले, तेवढ्यात आईंचा फोन आला. आई म्हणजे माझ्या सासूबाई, वय ७४. दुपारी त्या कधी फोन करत नाहीत, ती त्यांची पडायची वेळ. मी हॅलो म्हणायच्या आधीच म्हणाल्या, "गो, त्या कॅमेऱ्यान मान फिरवल्यान."

मला कळेचना. "म्हणजे काय आई?"

"मी हय आडवी पडलंय. तो आधी दाराकडे बघी होतो. आता माका बघता."

आधी वाटलं, हालचाल दिसली की कॅमेरा आपोआप त्या दिशेला वळतो, ती सोय चालू राहिली असेल. पण ती मी स्वतःच बंद केली होती, कारण पंखा लागला आणि पडदा हलला तरी तो कॅमेरा गिरक्या घ्यायचा. यांना फोन केला, त्यांनी अॅप उघडलं नव्हतं. लेक कॉलेजात, तिनेही नाही. मग मी माझ्या फोनवर आमचा हॉल उघडला. समोर आई बसलेल्या. पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतलेला, मांडीवर हात, आणि नजर सरळ माझ्याकडे, म्हणजे कॅमेऱ्याकडे. परका पुरुष दारात उभा राहिल्यावर बाई बसते तशा त्या बसल्या होत्या. स्वतःच्या घरात, भरदुपारी, एकट्या.

मी त्यांना भिंतीवरचं बटण बंद करायला सांगितलं. त्यांनी आधी कपाटातला एक खणाचा ब्लाउजपीस काढून कॅमेऱ्यावर टाकला, मग बटण बंद केलं.

हे सगळं सविस्तर लिहिण्याचं कारण असं की त्या दिवशी आमच्याकडे जे निघालं, ते आमच्या विंगमधल्या आणखी घरांत निघालं आहे. तुमच्याही घरात असू शकतं.

कॅमेरा घेतला तो गेल्या वर्षी गणपतीच्या आधी. आम्ही कणकवलीकडचे, भांडुपला राहतो. भांडुपमधली आमच्यासारखी घरं गणपतीत आठ-दहा दिवस बंद असतात, आणि हे सगळ्यांना माहीत असतं, चोरांनाही. पूर्वी आम्ही चाळीत होतो तेव्हा शेजारी किल्ली ठेवून जायचो. आता बिल्डिंगमध्ये निम्मा मजला एकाच वेळी गावी जातो, किल्ली ठेवायची कोणाकडे? म्हणून हॉलमध्ये एक फिरता कॅमेरा, दाराबाहेर एक, आणि बाहेरून चालू-बंद करता येणारा एक प्लग घेतला. संध्याकाळी दिवा लागला की घरात माणूस आहे असं वाटावं म्हणून. सोसायटीतल्या बऱ्याच जणांकडे एकाच माणसाने कॅमेरे बसवले होते, त्यालाच बोलावलं. अर्ध्या तासात काम करून, आमच्या तिघांच्या फोनवर चित्र दिसतं आहे हे दाखवून तो गेला. आम्ही खूश.

त्या मंगळवारी संध्याकाळी सीएसएमटीला स्लो गाडीत बसायला मिळालं. भांडुप येईपर्यंत मी त्या अॅपची एकेक खिडकी उघडून बघत होते. आमच्या हॉलच्या नावाखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं दिसलं: 'शेअर केलेलं उपकरण'. गेल्या सहा महिन्यांत ते माझ्या नजरेस पडलं नव्हतं. आत गेले तर मालक म्हणून एक मोबाइल नंबर, मधले आकडे झाकलेले, शेवटचे चार उघडे. ते चार आकडे कॅमेरा बसवणाऱ्याच्या नंबरचे होते. आम्ही तिघं त्या यादीत पाहुणे होतो. पाहुण्याला चित्र बघता येतं, कॅमेरा फिरवता येतो, पण कोण कोण बघतं आहे ते दिसत नाही आणि कोणाला काढताही येत नाही.

रात्री त्याला फोन लावला. तो अजिबात गडबडला नाही. म्हणाला, मॅडम, मी सगळ्यांचं असंच करतो, माझ्या अकाउंटवर चालू करतो आणि तुम्हाला शेअर करतो. लोक पासवर्ड विसरतात, मग मलाच फोन येतात. दुपारचं विचारलं तेव्हा थोडा थांबला. मग सांगितलं की त्याचा हाताखालचा मुलगा एका नव्या गिऱ्हाइकाला कॅमेऱ्याची क्लॅरिटी दाखवत होता, कॅमेरा कसा फिरतो तेही दाखवलं असेल.

म्हणजे कुठल्या तरी अनोळखी घरात, अनोळखी माणसांसमोर, आमचा हॉल नमुना म्हणून उघडला गेला. त्यात माझी सासू झोपलेली होती.

तो माणूस चोर आहे असं मला वाटत नाही, आजही नाही. पण जरा विचार करा, त्या चित्रात काय काय दिसत होतं. अकरा ते पाच घरात एकटी म्हातारी बाई. वारा यावा म्हणून आतलं दार उघडं, फक्त सेफ्टी डोअर लावलेलं. कपाटाची किल्ली देव्हाऱ्याच्या खालच्या खिळ्याला. मावशी किती वाजता येतात, किती वाजता जातात. घरफोडी करणाऱ्याला चार दिवस जिन्यात घुटमळून जे कळलं असतं, ते एका फोनवर बसल्या जागी दिसत होतं. घरात घुसणारा वेगळा आणि इंटरनेटवरून डोकावणारा वेगळा, असं मी तोवर समजत होते. त्या रात्रीपासून मला ते दोन वेगळे वाटत नाहीत.

दुसऱ्या दिवशी रजा घेतली. कॅमेऱ्याच्या बुडाला सुईच्या टोकाएवढं भोक असतं. मोबाइलचं सिम काढायची पिन त्यात घालून दहा-बारा सेकंद दाबून धरली. दिव्याचा रंग बदलला, कॅमेऱ्याने डावीकडून उजवीकडे एक पूर्ण गिरकी घेतली, वर बघितलं, खाली बघितलं आणि स्थिर झाला. मला वाटलं सुटलो. माझ्या खात्यावर जोडायला गेले तर अॅप म्हणालं, हे उपकरण दुसऱ्या खात्याला जोडलेलं आहे. हे नीट समजून घ्या, कारण 'रिसेट केलं की झालं' असं सगळे सांगतात. बऱ्याच कॅमेऱ्यांची मालकी कॅमेऱ्यात नसते, ती कंपनीच्या सर्व्हरवर नोंदलेली असते. पहिल्या मालकाने स्वतःच्या खात्यातून तो काढून टाकल्याशिवाय दुसऱ्याला मिळत नाही. जुना फ्लॅट घेताना आधीच्या मालकाचं नाव कागदावरून उतरवून घ्यावं लागतं, तसंच हे.

त्या माणसाला घरी बोलावलं. तो आला, बिचारा ओशाळला होता. मी त्याच्या शेजारी उभी राहिले आणि आमचे दोन्ही कॅमेरे त्याच्या फोनवरून डिलीट करायला लावले. ती यादी खाली सरकवताना मला दिसली. कुणाचा हॉल, कुणाचं दुकान, कुणाची बेडरूम. हो, बेडरूमही होती. आईंनी त्याला चहा दिला आणि एवढंच विचारलं, "तुज्या आवशीक असा कोण बघता तर?" आवस म्हणजे आई. तो काही बोलला नाही.

मग आमच्या नावाचं खातं, आमचा ईमेल, आमचा पासवर्ड. तो दुसरीकडे कुठेही वापरलेला नाही. मी आधी खरेदीच्या साइटला, वीजबिलाला, सगळीकडे एकच पासवर्ड ठेवायचे. असे पासवर्ड एका ठिकाणाहून फुटले की लोक तेच घेऊन कॅमेऱ्यांच्या खात्यांवर चालवून बघतात, त्यासाठी वेगळी हुशारी लागत नाही. आता नव्या फोनवरून कोणी आत शिरायला गेलं तर आधी माझ्याकडे कोड येतो. कॅमेऱ्यातलं मेमरी कार्डही पुसून घेतलं.

त्यानंतर राउटर. वायफायचा पासवर्ड म्हणजे यांचा मोबाइल नंबर, आणि तो आम्ही किती जणांना दिला होता याचा हिशेब करायला बसलो तर वही लागली असती. केबलवाला, टीव्ही बसवायला आलेला मुलगा, भाचरं, वरच्या मजल्यावरचे पाहुणे. नेटवर्कचं नाव आमचं आडनाव आणि फ्लॅट नंबर. जिन्यात उभं राहून फोन काढला तरी कुठलं घर कोणाचं ते वाचता येत होतं. वायफायच्या पासवर्डखेरीज राउटरचा स्वतःचा एक पासवर्ड असतो, सेटिंग बदलायचा. तो आमच्याकडे कारखान्यातून आला तसाच होता: अॅडमिन, अॅडमिन.

यात किती धोका आहे हे २०१६ साली सगळ्या जगाने पाहिलं. मिराई नावाचा एक प्रोग्राम इंटरनेटवर कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर शोधत फिरायचा आणि कारखान्यातून येणाऱ्या नाव-पासवर्डच्या साठेक जोड्या एकामागून एक लावून बघायचा. 'अॅडमिन' त्यात होताच. उघडलेली हजारो यंत्रं एकदम कामाला लावून त्या वर्षी २१ ऑक्टोबरला साइटची नावं त्यांच्या इंटरनेटवरच्या पत्त्यांशी जुळवून देणाऱ्या डिन नावाच्या कंपनीवर मारा झाला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या मोठमोठ्या साइट तासन्तास बंद पडल्या. ज्यांच्या घरचे कॅमेरे त्यात वापरले गेले त्यांना पत्ताही नव्हता. ब्रिटनने तर एप्रिल २०२४ पासून असे सरसकट सोपे पासवर्ड घालून वस्तू विकायलाच बंदी केली. आपल्याकडेही एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या चाचण्या सक्तीच्या झाल्या आहेत. पण आधी विकले गेलेले कॅमेरे आपल्या भिंतींवर आहेतच. आमचाही स्वस्तात मिळालेला जुना मालच होता.

लेकीने आणि मी मिळून राउटरचे दोन्ही पासवर्ड बदलले. नवा पासवर्ड म्हणजे आईंच्या तोंडची चार शब्दांची एक ओळ, इंग्रजी अक्षरांत लिहिलेली. लांब आहे, पण घरातलं कोणी विसरणार नाही. नेटवर्कच्या नावातून आडनाव काढलं. राउटरचं सॉफ्टवेअर अपडेट केलं. बटण दाबून जोडायची डब्ल्यूपीएसची सोय बंद केली. घरातल्या वस्तूंना बाहेरची वाट परस्पर उघडून देणारी यूपीएनपी नावाची सोय बंद केली, बाहेरून राउटर चालवण्याची सोयही बंद. आणि पाहुण्यांसाठीचं वेगळं नेटवर्क चालू करून कॅमेरे, टीव्ही, तो प्लग, सगळं त्यावर टाकलं. आमचे फोन आणि माझा लॅपटॉप वेगळ्या नेटवर्कवर, कारण बँकेचं काम त्यांवर होतं. प्लगमध्ये उद्या काही शिरलंच तर ते तिथेच अडावं.

या कामाला दोन तास लागले. पुढचं काम महिनाभर पुरलं, आणि ते माणसांचं होतं.

आमच्या मावशी नऊ वर्षं येतात. हॉलमध्ये कॅमेरा आहे हे त्यांना दिसत होतंच, पण आम्ही तोंडाने कधी सांगितलं नव्हतं. मी त्यांना बसवून सगळं सांगितलं, त्या मंगळवारचं पण. त्या म्हणाल्या, "ताई, म्हणून तर मी तुमच्याकडे पदर खोचून लादी पुसत नाही." सहा महिने त्या बाई आमच्या घरात अंग चोरून काम करत होत्या आणि मला ते दिसलं नाही. याची मला खरंच लाज वाटली. आता घरात माणूस असेल तेव्हा हॉलचा कॅमेरा बंद असतो, बंद म्हणजे प्लग काढलेला. वर आईंचा तो ब्लाउजपीसही असतो. लेक म्हणाली, प्लग काढला तर कापड कशाला? आई म्हणाल्या, "माका बरा वाटता." तो विषय संपला.

बाहेरच्या कॅमेऱ्याचं निराळंच. त्यात समोरच्या काकांचं दार अर्धं दिसायचं. त्यांनी कधी तक्रार केली नव्हती, पण एकदा काकू म्हणाल्या होत्या की दुधाची पिशवी घ्यायला गाऊनवर यायला संकोच वाटतो. अॅपमध्ये चित्राचा ठरावीक भाग काळा करता येतो. काकांना घरी बोलावून, त्यांच्या समोर, त्यांचं दार काळ्या पट्टीखाली घातलं आणि फोन त्यांच्या हातात देऊन खात्री करून घेतली. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितलंच आहे, पण शेजाऱ्याच्या बाबतीत तो पाळायला न्यायालय कशाला हवं?

याच सुमारास यांच्या मनात बोटाच्या ठशाने उघडणारं कुलूप घ्यायचं आलं. मुलुंडच्या एका दुकानात आईंना घेऊन गेलो. दुकानदाराने आईंचं बोट लावायला सांगितलं. लाल दिवा. पुसून पुन्हा लावलं, लाल. दुसरं बोट, अंगठा, डावा हात. आईंच्या बोटांच्या रेघा झिजून गेल्या आहेत. गावी माती-शेणाचं काम, इथे येऊन चाळीस वर्षं राखेने भांडी. रेशनच्या दुकानात मशीनवर अंगठा उठत नाही म्हणून त्या दोनदा परत आल्या आहेत. आता स्वतःच्या घराच्या दाराने त्यांना उभं करावं, हे मला सहन झालं नसतं. आकड्यांचा कोड टाकून ते कुलूप उघडतं, पण कोड विसरला की पंचाईत. सेल संपत आले की ते बीप बीप करतं, तेही त्यांना ऐकू येत नाही. ज्यांच्याकडे तरुण माणसं आहेत आणि किल्ल्या हरवतात त्यांनी जरूर घ्यावं. आम्ही नाही घेतलं.

त्याऐवजी नाक्यावरच्या सुताराला बोलावलं. वर्तमानपत्रात घरफोडीच्या बातमीत एक वाक्य ठरलेलं असतं, 'कडीकोयंडा तोडून आत प्रवेश केला'. ते मी शंभरदा वाचलं असेल, पण त्याचा अर्थ सुताराने दाखवला. त्याने आमच्या कोयंड्याचा स्क्रू काढून माझ्या तळहातावर ठेवला. अर्ध्या इंचाचा स्क्रू, गंजलेला, वरच्या पॉलिशपुरता लाकडात शिरलेला. कुलूप भारीतलं, सात लिव्हरचं. पण चोर कुलपाला हात लावत नाही, तो कटावणी कोयंड्याखाली घालतो आणि जोर देतो. आमचा कोयंडा एका झटक्यात आला असता. सुताराने जाड पत्र्याचा नवा कोयंडा तीन इंची स्क्रूंनी चौकटीतून भिंतीपर्यंत घट्ट बसवला, सेफ्टी डोअरच्या बिजागऱ्यांनाही तसेच स्क्रू मारले. जाळीतून हात घालून आतली कडी निघत होती, तिथे आतून पत्रा लावला. मजुरी धरून सगळ्याला एका कॅमेऱ्यापेक्षा कमी पैसे लागले. कपाटाची किल्ली देव्हाऱ्याखालून हलवली. कुठे, ते लिहीत नाही.

कॅमेऱ्यावर किती विसंबायचं हे खरं तर गेल्या गणपतीतच कळायला हवं होतं. गौरी आणायच्या दिवशी दुपारी गावात फोनवर बघितलं तर दोन्ही कॅमेरे बंद. यांचं जेवणात लक्ष लागेना. शेवटी वॉचमनला फोन लावला तेव्हा कळलं, आमच्या विंगची लाइट गेली आहे. लाइट गेली की राउटर बंद, राउटर बंद की कॅमेरा आंधळा, इतकं साधं. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी जवळजवळ सगळ्या मुंबईची वीज गेली होती, लोकलसुद्धा जागच्या जागी थांबल्या होत्या. तसं झालं तर फोनवर बघत बसणाऱ्यांना काहीच दिसणार नाही. आता राउटरला आणि कॅमेऱ्यांना छोटा यूपीएस लावला आहे, तो दोन-तीन तास काढतो. कॅमेऱ्यात मेमरी कार्ड आहे. ज्यांचा कॅमेरा सरळ विजेवर आणि राउटर वेगळ्या बोर्डावर आहे, त्यांना मुद्दाम सांगते, नेट गेलं तरी कार्डावर रेकॉर्डिंग चालू राहतं. कोणी खालची केबल तोडली तरीही. आणि मुख्य म्हणजे वॉचमन आणि समोरच्या काका-काकूंचे नंबर तिघांच्याही फोनमध्ये. काका गणपतीत गावी जात नाहीत, ते देशावरचे.

आणि ते व्हॉट्सअॅपचं स्टेटस. आम्ही दरवर्षी गावच्या तुतारी एक्सप्रेसमध्ये बसल्या बसल्या डब्यातला फोटो टाकायचो. माझ्या फोनमध्ये साडेसातशे नंबर आहेत, त्यांत गॅसवाला, एसीवाला, तो कॅमेरेवाला, सगळे. यंदापासून गावचे फोटो परत आल्यावर टाकायचे. लेकीने थोडी कुरकुर केली, पण मान्य केलं.

तुमच्या बाबतीत असं काही झालं आणि समोरच्याने फोन घेतला नाही, किंवा दमदाटी केली, तर गप्प बसू नका. आधी अॅपमधल्या त्या मालकाच्या नावाचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, मगच पिन घाला. रिसेट केल्यावर तो पुरावा तुमच्या फोनवर दिसेनासा होऊ शकतो. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी साइटवर तक्रार करता येते, जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊनही देता येते. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० वर फोन करा. परवानगीशिवाय कोणाचे उघड्या अंगाचे खासगी चित्रण करणं किंवा ते पसरवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई खाली गुन्हा आहे, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. बेडरूममध्ये कॅमेरा असेल तर मात्र माझं ऐका, आजच काढा. त्याला कसलंही कारण पुरेसं नाही.

आमच्या विंगमध्ये त्या माणसाने अकरा घरांत कॅमेरे बसवले आहेत. त्याच्या यादीवरून नव्हे, मी घरोघरी विचारून काढलं. सात घरांत जाऊन मी अॅप उघडून बघितलं, पाचांत मालक तोच होता. त्या पाचही जणांकडे त्याला बोलावून नावं उतरवून घेतली, तो आला, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. चार घरं राहिली आहेत. यंदा गणपती १४ सप्टेंबरला आहेत, रिझर्व्हेशन साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे आता सगळे तिकिटांच्या मागे आहेत आणि कोणी घरी सापडत नाही. येत्या रविवारी सकाळी, पूजा आटपून, त्या चौघांकडे जाणार आहे. पर्समध्ये पिन ठेवलेली आहे.